कच्चे मडके आणि फुटके मडके



मागे एका एकादशीला दवनीवाड्यात हरिपाठ आटोपला, टाळ खुंटीला लागले, मंडळी प्रसाद घेऊन घराकडे वळली. पण एक माणूस ओसरीवर बसून राहिला. चाळिशीचा, नेमाने पंढरीची वारी करणारा, गळ्यात माळ. मी म्हटले, "काय गा, जेवायला नाही जायचे?" तो म्हणाला, "महाराज, एक विचारू का जी? माझ्याकडे एक नवा पोरगा आहे. काम जमत नाही त्याला. काढू का ठेवू?"

मला वाटले होते, आत्म्याबद्दल विचारेल. हा तर मजुरीचा प्रश्न घेऊन आला. पण माउली, त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस वर्षे कीर्तनात दया, क्षमा, शांती यांच्यावर बोललो आणि या माणसाला एका वाक्यात उत्तर देता आले नाही.

आधी त्याचा धंदा सांगतो. हा गडी काही वर्षे नागपुरात दवाखान्यांच्या साफसफाईच्या कामावर होता. गावी परतला आणि तेच काम त्याने स्वतःचे म्हणून सुरू केले. लग्न उरकल्यावर मंगल कार्यालय धुऊन द्यायचे, गोंदियातल्या दोन-तीन कचेऱ्यांची रोजची फरशी, दिवाळीआधी घरे आणि पावसाळ्याआधी पाण्याच्या टाक्या. पाण्याच्या बरे का, संडासाच्या नव्हेत. संडासाच्या टाकीत माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंधन आले आणि हा माणूस तो कायदा मानतो. हाताखाली पाच माणसे. त्यात सर्वांत जुनी एक मावशी, पन्नाशी ओलांडलेली. आणि सर्वांत नवा हा पोरगा, विशीतला. बाप वारला, आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते. म्हणून दयेपोटी ठेवला. दीड महिना झाला. सकाळी सहाचे काम, हा साडेसहाला येतो. फरशी मधोमध पुसतो, कोपरे तसेच. टाकी घासून वर येतो आणि खाली गाळ तसाच.

मी विचारले, "मग त्याने सोडलेले कोपरे कोण पुसतो?"

तो जरा थांबला. "मावशी पुसते जी."

"तिला विचारलेस?"

"तिला काय विचारायचे महाराज? ती बोलत नाही."

माउली, इथे मला आपल्याच कथा आठवल्या. आपल्या संप्रदायात काम अपुरे राहिल्याच्या कथा पुष्कळ आहेत. सेना महाराज भजनात रंगले आणि राजाची चाकरी राहिली, तेव्हा देव धोकटी घेऊन राजवाड्यात गेला. जनाबाईचे दळण उरले, तर देव जात्याला बसला. केर उरला, तर देवाने भरला. नाथांच्या घरी पैठणला श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले. या कथा मी शेकडो वेळा सांगितल्या आणि लोकांचे डोळे पाणावलेले पाहिले. पण त्यातली एक गोष्ट मी कधी फोड करून सांगितली नाही. त्या प्रत्येक कथेत उरलेले काम कुणीतरी करतेच. काम आपोआप होत नाही. तिथे करणारा पांडुरंग होता. दवनीवाड्यात करणारी मावशी आहे, आणि तिचे गुडघे दुखतात.

तेव्हा ह्या मालकाची दया नेमकी कुणाच्या खिशातून जात होती? मुलाला सांभाळल्याचे पुण्य मालकाच्या नावावर आणि वाकून घासणे मावशीच्या वाट्याला. दुसऱ्याच्या पोत्यातले धान काढून दान करावे, तसे हे झाले. त्याला हे मी तोंडावर सांगितले. त्याला लागले. लागू दे म्हटले, माळकरी आहे, सोसेल.

तुकोबांची एक गोष्ट महिपतीबुवांनी लिहून ठेवली आहे. एका शेतकऱ्याने त्यांना शेत राखायला बसवले. पाखरे आली, यांना त्यांच्यातही देव दिसला, गोफण उचलवेना. शेतकरी परत आला, पाखरांनी कणसे खाल्लेली पाहून त्यांना पंचांपुढे घेऊन गेला. पुढे रास मोजली तर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली, हे आपण सगळे जाणतो. पण मी म्हातारपणी त्या शेतकऱ्याकडेही पाहू लागलो आहे. त्याने राखणीचा करार केला होता. तो पंचांकडे गेला, हा काही त्याचा दुष्टपणा नव्हे. रास वाढली हा चमत्कार. तो धरून धंद्याचा हिशेब मांडता येत नाही. आणि प्रत्येक कामचुकार पोरात तुकोबा बसलेले नसतात, हे सांगायला कीर्तनकाराने लाजू नये.

मग काढून टाकावे का? थांबा. इथे गोरोबाकाकांकडे जाऊ.

तेरला संतांचा मेळा जमला होता. मुक्ताईने काकांच्या घरातले थापटणे पाहिले आणि विचारले, हे कशासाठी? मडके भाजले की कच्चे राहिले, ते पाहायला. मग आमचीही मडकी पाहा म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प बसले, नामदेवराय चिडले. हे मडके कच्चे, असा काकांनी निवाडा दिला. नामदेवराय रडत पंढरीला गेले, आणि ज्याच्याशी ते रोज बोलत होते त्या देवानेही त्यांना जवळ घेऊन तुझेच खरे असे म्हटले नाही. गुरू कर म्हणून विसोबा खेचरांकडे धाडले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

लोक या कथेत नामदेवांचा अहंकार पाहतात. मला त्यात कुंभाराची विद्या दिसते. कुंभाराला दोन गोष्टी वेगळ्या ओळखता याव्या लागतात: कच्चे मडके आणि फुटके मडके. दोन्हींचा आवाज बद्दच येतो. कानाला सवय नसली तर दोन्ही सारखीच वाटतात. पण कच्च्याला अजून जाळ हवा असतो आणि तडा गेलेल्याला कितीही जाळ दिला तरी पाणी टिकत नाही. काकांनी नामदेवांना फुटके म्हटले नाही. कच्चे म्हटले, आणि कच्चे म्हटल्यावर भट्टी कुठे आहे तेही पुढे कळले. ज्याला कच्चे म्हणायचे त्याला भट्टी दाखवायला हवी, नाहीतर ती नुसती शिवी. (एवढे मात्र खरे की काकांनी हे चार माणसांत केले. तो संतांचा मेळा होता, म्हणून चालले. मालकाने चार गड्यांपुढे पोराच्या डोक्यावर थापटणे मारू नये.)

मी त्या गड्याला विचारले, "तू त्याला शिकवलेस?" तो म्हणाला, "फरशी पुसायला काय शिकवायचे महाराज?" हे वाक्य मला बोचले. आपल्या या धानाच्या मुलखात रोवणीला नवी पोरगी आली तर काय करतात? तिला कडेला एकटी सोडत नाहीत. दोन सरावाच्या बायांच्या मधे उभी करतात. परे किती घ्यायचे, चिखलात बोट किती दाबायचे, मागे कसे सरकायचे, हे ती उजवी-डावीकडे पाहून उचलते. तिची ओळ मागे पडली की शेजारची दोन रोप तिच्या वाट्याचे लावते आणि वर एक टोमणाही मारते. चार दिवसांत पोरगी ओळीला लागते. परे लावायला शिकवावे लागते, मृदंग शिकवावा लागतो, मग फडा मारायला नाही? ते काम हलके, ते कुणालाही येते, असे आपण मनात धरून बसतो. ज्या कामाला आपण हलके मानतो ते शिकवण्याचे कष्ट आपण घेत नाही, आणि मग ते नीट झाले नाही म्हणून माणसालाच हलके ठरवतो.

गाडगेबाबांनी हे जाणले होते. 1876 मध्ये अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेला हा विदर्भाचा माणूस. गावात शिरला की आधी खराटा स्वतःच्या हातात, रात्री कीर्तन. भाकरीच्या आधी काम मागायचे. मी लहान असताना ज्यांनी त्यांचे कीर्तन ऐकले होते अशी म्हातारी माणसे आमच्याकडे होती; ती सांगत, बाबा झाडू लागले की शहाणी माणसे मागून उगीच खाली वाकायची. हातात खराटा घेऊन दाखवणे, ही त्यांची शिकवणी.

तेव्हा मी म्हटले, दोन दिवस तू स्वतः त्याच्यासोबत खाली बस आणि बघ. त्याने बसून पाहिले. आठ दिवसांनी येऊन जे सांगितले ते असे. संडास-मोरीचे कोपरे पोरगा सोडत होता, कारण पहिल्याच आठवड्यात त्याने ॲसिड टाकलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकली होती. त्यातून जो वायू निघतो त्याने घसा जळाला, डोळ्यांना पाणी आले. ही दोन्ही एकत्र करायची नसतात, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, आणि लाजेने तोही बोलला नव्हता. तेव्हापासून तो त्या कोपऱ्याजवळ श्वास धरून दोन हात मारून पळत होता. ते मडके कच्चे होते. एका दुपारच्या शिकवणीत कोपरे निघू लागले. टाकीचा गाळ आधी सुपलीने काढायचा, मग घासायचे, मग धुवायचे, हा क्रमही त्याला ठाऊक नव्हता.

उशिरा येण्याचे कारण मावशीने सांगितले. पोराला फडा-बादली घेऊन चौकातून जायला लाज वाटते. सोबतीची मुले पानठेल्यावर उभी असतात, म्हणून तो नाल्याकाठून वळसा घालून येतो. ऐकून मला वाईट वाटले. झाडणे एका जातीच्या माथी मारून आपण पिढ्यान्‌पिढ्या मोकळे राहिलो. चोखोबांना पायरीवर ठेवले. त्या पापाचा काटा आज या पोराच्या पायात रुततो आहे. मालकाने सामान गाडीतून न्यायला सुरुवात केली. पोरगा चार दिवस वेळेवर आला. पाचव्या दिवशी पुन्हा सव्वासहा. मालक हसून म्हणाला, "महाराज, लाज गेली, झोप राहिली."

आता मला माझे सांगणे भाग आहे. तीस वर्षांपूर्वी माझ्या साथीला एक नवा मृदंगी आला होता. हात चांगला, पण चालीच्या शेवटी घाई करायचा, टाळकरी गडबडायचे. मी त्याला एकदाही बोललो नाही. स्वतःला क्षमाशील समजलो. पण एसटीतून परतताना इतरांजवळ त्याचीच कुरकुर करायचो. पुढच्या हंगामाला त्याला निरोपच पाठवला नाही. तीन वर्षांनी एका बाजारात भेटला. म्हणाला, "महाराज, मला वाटले तुमची तब्येत बिघडली, कीर्तन बंद झाले." मग खरे काय ते त्याला दुसऱ्या कुणाकडून कळले. त्याने मृदंग विकला. गीतेच्या सोळाव्या अध्यायातल्या दैवी संपत्तीत अहिंसा आणि दया यांच्यासोबत अपैशुन्य आहे, माणसामागे त्याचे उणे न काढणे. त्यावर मी प्रवचने केली होती. त्या मुलाला एक दुपार बसवून घेतले असते, तर तो लयीत आला असता की नसता, मला ठाऊक नाही. पण विचारायला मी जागा ठेवली नाही. मी गप्प राहिलो ते त्याच्यासाठी नव्हे, वाईटपणा नको म्हणून.

म्हणून मी त्या गड्याला म्हटले, पोराला एकट्याला बसव आणि सांग: कोपरे आता चांगले निघतात, वेळ पाळली जात नाही, पंधरा दिवस सहाला आलास तर राहशील, नाहीतर दुसऱ्याला घ्यावे लागेल. एवढेच. बापाची आठवण काढू नको, आईचे उपकार मोजू नको. आणि "सेवा समजून कर" हे तर मुळीच म्हणू नको. शेगावचे सेवेकरी झाडतात ती सेवा, कारण ते आपखुशीने येतात. तू मजुरी देऊन बोलावलेस. त्याच्याकडून पूर्ण काम घे, त्याला पूर्ण दाम दे. काढायची पाळी आली तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा पै-पैसा हातावर ठेव. कायदाही तेच सांगतो. आणि कुणी विचारले तर त्याला चोर-आळशी म्हणू नको. सहाची वेळ जमली नाही, एवढेच म्हण.

जाण्याआधी मी पुन्हा विचारले, "मावशीला विचारलेस का?" यावेळी त्याने विचारले होते. मावशी म्हणाली होती, "काढू नका जी त्याले. पण तो शिकतपर्यंत मी त्याचं काम करतो, तर मले रोजचे वीस रुपये जास्त द्या." मालकाने ते दिले. मागच्या दीड महिन्याचेही दिले.

मुदत येत्या एकादशीला संपते. त्या संध्याकाळी हरिपाठानंतर तो मला सांगायला येणार आहे. त्याने पोराला काढले असेल तर मी त्याला निष्ठूर म्हणणार नाही. पोराच्या घरी मात्र एकदा जाऊन येईन.