टाकी कुणाची?

पुतळे पाहायला जावे काय, हा प्रश्न आपल्याकडे आजही विचारला जातो. ऑस्लोच्या विगेलँड पार्कमध्ये एक दिवस घालवल्यावर मला तो फारसा अडचणीचा वाटला नाही. तिथे २०० हून अधिक शिल्पे उघड्यावर उभी आहेत, आत जायला तिकीट नाही आणि कुणी त्यांच्यापुढे हात जोडत नाही. पोरे तर दगडी माणसांच्या अंगाखांद्यावर खेळतात. अडचणीचा प्रश्न वेगळाच निघाला.

बागेतल्या उंचवट्यावर 'मोनोलिथ' हा १४ मीटरहून उंच खांब आहे. एकाच ग्रॅनाइटमध्ये १२१ माणसे: म्हातारी, तरुण, तान्ही, एकमेकांना बिलगून वर सरकणारी. गुस्ताव विगेलँडने १९२४-२५ मध्ये तो मातीत घडवला. पुढे १९२९ साली तीन पाथरवट दगडाला भिडले, ते १९४३ पर्यंत. चौदा वर्षे! मातीत बोट चुकले तर पुन्हा लिंपता येते. ग्रॅनाइटचा उडालेला टवका परत बसत नाही. तरी बागेला नाव एकट्याचेच.

कुणी म्हणेल, मजुरी मिळाली, हिशेब मिटला. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तेवढ्याने कारागिराचे सारे देणे फिटते का? कल्पना विगेलँडची, त्यात वाद नाही. त्या तिघांना आपल्या पदरचे काही घालायचेच नव्हते. मात्र दुसऱ्याच्या मनातले इमानाने दगडात उतरवणे, हाही हुन्नरच आहे; आणि माझ्या मते तो अधिक सबुरीचा.

आपल्याकडेही फार वेगळे घडले नाही. ताजमहालावर नाव कोरलेले आहे ते सुलेखनकार अमानत खानचे. दगड घडवणाऱ्यांच्या उरल्या त्या खुणा. अक्षराला मान, छिन्नीला नाही, ही आपली जुनी खोड. पण त्याच अक्षरांच्या दुनियेत एक चांगली रीतही होती. हस्तलिखिताच्या शेवटी कातिब आपले नाव लिहून ठेवी. ग्रंथ आपला नाही हे त्याला पक्के ठाऊक असे. हात माझा, एवढेच तो सांगे. त्याने ग्रंथकाराचे काही कमी होत नसे.

मोनोलिथ पहिल्यांदा लोकांना पाहायला मिळाला तो १९४४ च्या नाताळात. त्याआधीच, मार्च १९४३ मध्ये, विगेलँड वारला होता. गर्दी करून लोक पाहत होते, ते छिन्नीचे घाव त्या तिघांचे होते.