वाटा आणि उचल

‘बघ ना, काही नसूनही किती आनंदी असतात हे लोक!’ जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात ट्रेकला गेलं की ग्रुपमधलं कुणीतरी आदिवासी वस्तीकडे बघून हे म्हणतंच. त्यातलं ‘काही नसूनही’ मला खटकतं.

जंगलावर जगणाऱ्या माणसांकडे काहीतरी होतं. रिचर्ड ली हे मानववंशशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात कालाहारीतल्या सान लोकांमध्ये राहिले. तिथे मोठी शिकार आणणाऱ्याचं कौतुक होत नसे, उलट थट्टा व्हायची. त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. मांस मात्र सगळ्यांत वाटलं जायचं आणि घेणारा मिंधा होत नसे. तो त्याचा वाटाच होता. मी दरवर्षी अप्रेझलच्या फॉर्मवर माझी शिकार किती मोठी होती ते लिहितो. रात्री झोप लागत नसेल तर ते कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून मेडिटेशनचं अ‍ॅप उघडतो.

तो काही स्वर्ग नव्हता. मुलं लहानपणीच दगावत, उपासही घडत. पण मागताना मान खाली घालावी लागत नव्हती. मनाची शांतता एकेकट्याच्या डोक्यात नव्हती, ती या व्यवहारात होती.

आता आपल्याकडचे कातकरी बघा. जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी आणि ठाकर जास्त, कातकऱ्यांच्या वस्त्या मोजक्या. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जोडीला शिकार, मासे, खेकडे, कंद, मध. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, कातही सुटला. पुढे अनेक कुटुंबं वीटभट्टीवर गेली. मालक पावसाळ्यात उचल देतो, हंगामभर राबून ती फेडायची. पूर्वी गरजेला वाटा मिळायचा, आता कर्ज मिळतं. आणि मग ‘हे लोक दारूच पितात’ असं म्हणायलाही आपणच मोकळे.

समाधान हा त्यांचा स्वभाव मानला की आपल्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. ते जगण्याच्या रीतीतून येत असेल, तर ती रीत कुणी मोडली हे विचारावं लागतं. २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. तरी ज्याच्या पणजोबाला जंगलात जायला कुणाला विचारावं लागत नव्हतं, त्याला आज दावा दाखल करून पुरावे जोडावे लागतात.

त्यांच्याकडून शांतता शिकायची असेल तर जरूर शिकावी. पण आधी त्यांचा दावा कुठल्या टेबलावर अडकलाय ते विचारावं.