मर आणि चांदी

धर्माबादचा मिरचीबाजार मागे टाकला की काळ्या रानात हरभरा लागतो. एका हिवाळ्यात तेथे एका परिचिताच्या शेतात आम्ही उभे होतो. हिरव्या ओळींत मधूनमधून झाडांनी माना टाकल्या होत्या. त्याने एक झाड उपटले, मूळ उभे चिरून आतली काळपट रेघ दाखविली आणि एकच शब्द उच्चारला : ‘मर’. या रोगाची बुरशी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या जातीची. ती जमिनीत कित्येक वर्षे तग धरून राहते. तिच्याविषयी त्या शेतकऱ्याच्या मनात वैराखेरीज दुसरी भावना असावी तरी कशी?

याच जातीच्या बुरशीकडून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने चांदी घडवून घेतली आहे. (यजमान पिकानुसार या जातीचे प्रकार निराळे मानतात, हे खरे.) अब्सार अहमद, मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे संशोधन प्रसिद्ध केले. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुरशी सोडली. द्रावण तपकिरी झाले आणि त्यात ५ ते १५ नॅनोमीटरचे धातुकण तयार झाले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. त्याच वर्षी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने चांदी सोसणाऱ्या यीस्टकडून असेच कण मिळविले. त्याआधी १९९९ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना चांदीच्या खाणीतून आलेल्या एका जिवाणूच्या पेशीत चांदीचे स्फटिक साठलेले आढळले होते.

हे ऐकून कोणी म्हणेल, ‘पाहा, निर्माणकर्त्याने काहीच निरुपयोगी केलेले नाही!’ हे वाक्य आम्हांला पूर्वी फार आवडे. आता ते उच्चारताना जीभ अडखळते. चांदी ही त्या जिवाणूला विषच आहे. तो तिचे स्फटिक करतो तो तिच्यातून तगून राहण्यासाठी, आपल्या कामी यावे म्हणून नव्हे. अपाय केला म्हणून बुरशीला दुष्ट ठरविणे आणि उपयोगी पडली म्हणून तिला निर्दोष ठरविणे, या दोन्ही निवाड्यांत न्यायाधीश आपणच आणि फिर्यादीही आपणच. शिवाय धर्माबादच्या शेतकऱ्याला त्या चांदीतला कणही मिळालेला नाही. गेलेले झाड गेलेच.

चांदीचीही दुसरी बाजू आहे. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर ती जंतूंना रोखते, तेथे तिचे मोल कोण नाकारील? पण वास येऊ नये म्हणून मोज्यांतही ती घालतात. धुण्याच्या पाण्याबरोबर ती गटारात उतरते आणि जंतू मारताना उपकारक कोण, अपकारक कोण, हे पाहत नाही. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत हवेतला नत्र बांधून देणारे जिवाणूच असतात. जखमेसाठी जे उचित, ते मोज्यांसाठीही उचित कसे ठरते, याचे समाधानकारक उत्तर आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

त्या शेतकऱ्याने पुढल्या पेरणीची तयारी दाखविली. बियाण्याला तो ट्रायकोडर्मा चोळणार होता. ही मरीला आवर घालणारी. आम्ही विचारले, हे काय असते? तो म्हणाला, ‘हीसुद्धा बुरशीच.’