डोहाळे कुणाचे?

मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. संस्कृतातील ‘दोहद’ प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आला आणि आपल्या प्राचीन वैद्यकाने त्याचा संबंध दोन हृदयांशी जोडला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. तेव्हापासून ती स्त्री दोन हृदयांची, म्हणजे ‘दौहृदिनी’ होते आणि तिच्या मुखाने गर्भच आपली इच्छा बोलून दाखवितो. ती इच्छा अपुरी राहिल्यास मूल व्यंग घेऊन जन्मास येते, असा इशाराही तेथे आहे. आजचे शरीरशास्त्र हे मान्य करणार नाही. तरीही या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या एक मोठे काम केले. ज्या घरात सुनेला एरवी दुसऱ्यांदा भाजी मागण्याची चोरी, त्या घरात तिच्या हाती न मागता कैरीची फोड येऊ लागली.

परंतु या उपकारातच एक अन्याय दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. तिची इच्छा मानली गेली, ती तिची म्हणून नव्हे, तर पोटातल्या जिवाची म्हणून. मान मिळाला खरा, पण तो उसना होता; बाळंतपण आटोपताच परत करावा लागणारा. म्हणून हा प्रश्न नुसता कोशकारांचा नाही, प्रत्येक घराचा आहे: डोहाळे कुणाचे? आणि आपण ते पुरवितो, ते कुणासाठी?

कालिदासाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच काव्यात दाखविल्या आहेत. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा गर्भवती आहे. ती लाजेने स्वतः काही सांगत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या सख्यांना वारंवार विचारतो, की राणीला काय हवे आहे? चौदाव्या सर्गात सीतेला गंगातीरावरील तपोवने पुन्हा पाहण्याचे डोहाळे लागतात. राम ते पुरविण्याचे वचन देतो. आणि पुढे लोकापवाद कानी आल्यावर त्याच डोहाळ्यांच्या निमित्ताने तिला वनात सोडण्यात येते. इच्छा अक्षरशः पूर्ण झाली. रथ निघाला, तपोवन दिसले. मात्र पुरविणाऱ्याच्या मनात ती राहिली नव्हती, त्याच्या मनात राज्य होते. डोहाळे पुरविणे हे वस्तू आणून देण्यात नाही, हे याहून कठोरपणे कोणी सांगितले असेलसे वाटत नाही.

आम्हा परमुलखी राहणाऱ्यांना हा भेद विशेष जाणवतो. चेन्नईच्या पश्चिमेचे अंबत्तूर हे काही मराठी गाव नव्हे. १९४९ साली येथे सायकलींचा कारखाना उभा राहिला, पुढे साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, शेजारच्या आवडीला रणगाडे तयार होऊ लागले आणि २०११ साली हे गाव चेन्नई महापालिकेत सामील झाले. अशा ठिकाणी बदलीवर आलेल्या बिऱ्हाडात दिवस राहिले, की पहिली अडचण येते ती सख्यांची. माहेरी वा सासरी असती, तर तिला काय हवे ते आईने, जावेने, मावशीने तिच्या तोंडाकडे पाहूनच ओळखले असते. येथे ओळखणारे कोणी नाही. येथे नवऱ्याला स्वतः विचारावे लागते आणि तिला स्वतः सांगावे लागते. लाजेचा तो जुना पडदा आपोआप बाजूला होतो.

आमच्या मते या दिवसांतले जे लहानसहान सुख, ते बरेचसे या बोलण्यात आहे. कचेरीतून परतताना स्टेशनाबाहेरच्या फुलवालीकडून मोजून घेतलेला वीतभर गजरा; संध्याकाळी सावकाश घातलेली फेरी; सोलापूर-पुण्याच्या दिशेने न थांबता जाणारी गाडी दिसली, की निघणारी घरची आठवण. आमसुलाच्या साराची वासना व्हावी, घरातली आमसुले संपलेली असावीत आणि शेजारच्या अक्कांनी चिंचेचे वाफाळते रसम आणून द्यावे. ते सार नव्हे. पण वाटी रिकामी होते. ‘अक्का’ हा शब्द दोन्ही भाषांत थोरल्या बहिणीचाच आहे, हेही तेव्हाच ध्यानात येते. आपल्या डोहाळजेवणासारखेच त्यांचे ‘वळैकाप्पु’. तेथेही काचेच्या बांगड्या भरतात, तेथेही चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे नाना तऱ्हांचे भात पुढ्यात येतात. या शेजारणीला वंशाची चिंता नसते, नातवाची आस नसते. तिने आणलेले रसम त्या बाईसाठीच आणलेले असते.

परक्यांनी केलेल्या या मायेला या प्रांतात आपल्याच माणसांचा एक जुना दाखला आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला आपल्या छत्रांविषयी पत्र लिहिले. वाटसरूंसाठी चालविलेल्या त्या छत्रांत गरोदर स्त्रियांची आस्थेने शुश्रूषा होई, बाळंतपणासाठी वेगळी जागा असे, औषधे मिळत आणि प्रसूतीनंतर तीन महिने राहता येई, असे त्यात नमूद आहे. त्या वाटसरू बाईचे मूल राजाच्या कोणत्या उपयोगाचे होते? तिला तीन महिने दिले, ते तिचे अंग सावरावे म्हणून.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डोहाळे केवळ गर्भवतीलाच लागत नाहीत, घरालाही लागतात. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून पेढा की बर्फी विचारतात, तेव्हा हसू फुटते ते निर्मळच असते; पण पेढा निघाल्यावर घर जरा अधिक मोठ्याने हसते काय, हे ज्याने त्याने आपल्याशी पडताळून पाहावे. या एका वासनेपायी महाराष्ट्राला १९८८ साली आणि साऱ्या देशाला १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. सगळेच डोहाळे पुरविण्यासारखे नसतात. गर्भवतीला माती खावीशी वाटली, तर तीही तिला देऊ नये. पण तिच्यावर हसूही नये. रक्त तपासून घ्यावे, कारण अशा वासनेमागे पुष्कळदा लोहाची उणीव असते. तिच्या इच्छेमागचे कारण शोधणे, हेही डोहाळे पुरविणेच आहे. घराच्या वासनेला मात्र मूठमाती देणे हाच उपाय.

मग डोहाळे कुणाचे? आमचे उत्तर असे, की ते तिचेच. आणि ही गोष्ट खरोखर कळते ती बाळ जन्मल्यानंतर. नऊ महिने विचारपूस करणे सोपे आहे, कारण आशा आपल्याकडून ते करवून घेते. कसोटी पुढे लागते. बाळ कुशीत आल्यावर साऱ्यांचे डोळे त्याच्याकडे वळतात आणि रात्रभर जागलेल्या बाईला काय खावेसे वाटते, हे विचारायचे राहून जाते. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला १९९७ पासून पंधरा दिवसांची रजा मिळते. ती प्रसूतीच्या आधी किंवा नंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. आम्ही तर म्हणू, की तिच्यातले काही दिवस पाहुणे परत गेल्यावरच्या सुन्या आठवड्यांसाठी राखून ठेवावेत. तेव्हा दिलीपाने सख्यांना विचारलेला प्रश्न नवऱ्याने तिलाच विचारावा. उत्तर कदाचित आमसुलाचे सार असेल, कदाचित दोन तासांची सलग झोप. पोटात दुसरे हृदय नसतानाही ते उत्तर जेथे तितक्याच तत्परतेने ऐकले जाते, त्या घरात डोहाळे खऱ्या अर्थाने पुरविले गेले, असे समजावे.