निवड आणि घासाघीस

भिलाईच्या वसाहतीत घर निवडावे लागत नाही. ते पदानुसार मिळते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भोवती सेक्टरांची वस्ती वाढली. एकाच आराखड्याच्या घरांच्या ओळी. निवृत्तीनंतर बहुधा त्याही सोडायच्या. विदर्भातून येऊन येथे रुजलेल्या मराठी कुटुंबाला स्वतःचे म्हणावे असे उरते ते पडदा, चादर, कोशाची साडी, बैठकीतली एखादी मूर्ती. सिव्हिक सेंटरच्या बाजारातील त्याची खरेदी निव्वळ हौस म्हणून निकालात काढणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. मिलान शहरात १८६७ साली खुल्या झालेल्या, लोखंड-काचेच्या छताच्या गालेरियात हिंडणाऱ्याची रसिकता संस्कृती ठरावी आणि भिलाईकराची उधळपट्टी, हा भेद रुचीचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

तथापि किती खर्च केला, हा खरा नैतिक प्रश्न नव्हेच. तो उभा राहतो बस्तरच्या ढोकरा मूर्तीपुढे. कोंडागावचा घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून आकृती साधतो, वर मातीचा लेप देतो. आचेने मेण वितळून जाते, त्या पोकळीत धातूचा रस ओततात आणि शेवटी साचा फोडतात. साचाच उरत नाही, म्हणून दुसरी तशीच मूर्ती होत नाही. भिलाईच्या रुळाचा गुण नेमका उलटा: प्रत्येक रूळ दुसऱ्यासारखाच हवा, नाहीतर गाडी घसरेल. दोन्ही गुण आपापल्या जागी थोरच.

आणि तरीही छापील किमतीचा, यंत्रावर निघालेला चादरींचा संच निमूट घेणारा ग्राहक, हस्तकलेच्या मेळ्यात कारागीर समोर बसलेला असताना त्याच्या मूर्तीची किंमत निम्म्यावर आणू पाहतो. घासाघीस ही आपल्या बाजाराची जुनी रीत आहे, तीत गप्पा असतात, ओळख होते, विकणाराही भाव थोडा चढवूनच सांगतो. हे सारे मान्य. पण ही रीत माणूस दिसला की आठवते आणि तो भिंतीआड गेला की विसरते, याचे समर्थन रुचीच्या नावाने करता येत नाही. ज्या एकमेवपणासाठी मूर्ती आवडली, त्याचेच मोल द्यायला हात आखडतो.

दुकानातून पूर्ण किमतीला घेतली तरी त्यातले किती कोंडागावपर्यंत पोचले, हे पावतीवरून कळत नाही. रुळावर कारखान्याची खूण आणि वर्ष उठवलेले असते; मूर्तीवर घडवणाऱ्याचे नाव सहसा नसते.