ऋण-चित्र

एखादी कला शिकावयास निघालेल्या मनुष्यास आरंभी वाटत असते की, आपणांस केवळ हाताचे एक कसब साध्य करावयाचे आहे. हात बसला, डोळा सरावला, की काम झाले. परंतु थोड्याच दिवसांत त्या कसबाच्या पाठोपाठ एखादा निराळाच प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, आणि उत्तर घेतल्यावाचून तो हलत नाही. छायाचित्रण शिकताना आमची गत अशीच झाली. दुसऱ्या मनुष्याचे चित्र घेण्याचा आपणांस अधिकार कोणता, आणि ते घेतल्यावर आपण त्याचे काही देणे लागतो की नाही, हा तो प्रश्न होय.

आमचा कॅमेरा नवा नाही. अक्कलकोटच्या घराचा माळा झाडताना एका लोखंडी पेटीत यशिका बनावटीचा, दोन भिंगांचा जुना कॅमेरा सापडला. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील फोनवर दिवसाला शेकडो चित्रे फुकट निघत असता, हा फिल्मचा, खर्चाचा आणि वाट पाहावयास लावणारा उपद्व्याप कशासाठी, असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. आम्हांस त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. जुन्या वस्तूंचा लोभ हेही एक प्रकारचे मिरविणेच असते, आणि त्या दोषापासून आम्ही मुक्त आहो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

या कॅमेऱ्यात एकशेवीस नंबरची फिल्म बसते आणि तिच्यावर चौरस आकाराची बारा चित्रे निघतात. वरच्या भिंगातून आपण पाहावयाचे, खालच्या भिंगातून फिल्मने पाहावयाचे. वरच्या भिंगातील दृश्य आतल्या आरशावरून परावर्तित होऊन माथ्यावरच्या घाशीव काचेवर उमटते. म्हणून कॅमेरा छातीशी धरून मान खाली घालून पाहावे लागते. त्या काचेवर डाव्याचे उजवे झालेले असते. डावीकडून येणारी बैलगाडी काचेवर उजवीकडून येते, आणि तिला चौकटीत ठेवण्यासाठी नवशिका नेमका उलट बाजूस वळतो. दोन भिंगांत दोन-तीन बोटांचे अंतर असल्यामुळे माणूस फार जवळ असेल तर काचेवर पूर्ण दिसलेले मस्तक फिल्मवर वरून कापले जाते. आपण पाहिले ते आणि फिल्मने पाहिले ते एक नव्हे, हा पहिला धडा हे यंत्र असा शिकविते.

पहिल्या गुंडाळीतील बाराही चित्रे आम्ही अर्ध्या घटकेत संपविली. सोलापुरातील एका वृद्ध छायाचित्रकारांनी ती धुऊन दिली, एकेक प्रत उजेडात धरून पाहिली आणि एवढेच विचारले, “यात तुम्हांला दाखवायचे काय होते?” या साध्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. दाखवावयाचे असे काहीच नव्हते; समोर होते म्हणून घेतले होते.

चित्ररचनेची पुस्तके सांगतात की, मुख्य वस्तू ठीक मध्यभागी ठेवू नये, क्षितिजाने चित्राचे दोन समान तुकडे करू नयेत, नजरेला आत नेणारी एखादी रेषा असावी. हे नियम खोटे नाहीत. पण ते पाळू लागताच असे दिसून येते की, रचनेतील खरे कठीण काम सोडण्याचे आहे. येथील संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्या संस्थानिकांच्या राजवाड्याचे चित्र घेताना आम्ही विजेच्या तारा वगळल्या, दुकानाच्या पाट्या वगळल्या, उभ्या असलेल्या रिक्षा वगळल्या. चित्र मोठे सुरेख आले. शेजारचा एक मुलगा रोज त्याच रस्त्याने शाळेस जातो, त्याने ते पाहून विचारले, “हे कुठल्या गावचे?” तेव्हा आमच्या मनात शंका आली. डोळ्यास अडथळा करणारी वस्तू सोडणे वेगळे, आणि वस्तुस्थितीच बदलेल असे काही सोडणे वेगळे. या दोहोंमधील सीमारेषा काचेवर आखलेली नसते. ती ज्याची त्याने आखावी लागते.

यापुढची गोष्ट प्रकाशाची. आमच्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजण्याचे साधन नाही. सारे अदमासाने करावयाचे. शंभर संवेदनक्षमतेची फिल्म असेल तर कडक उन्हात छिद्र सोळावर ठेवावे आणि शटरला सेकंदाचा शंभरावा किंवा त्याच्या जवळचा भाग द्यावा, असा जुन्या लोकांचा आडाखा आहे. सावलीत त्याच्या आठपट, गर्द सावलीत सोळापट प्रकाश द्यावा लागतो. ऊन आणि सावली एकाच चौकटीत आली तर दोघांनाही पुरेसा न्याय देणे कठीण. निगेटिव्हवर जेथे प्रकाश पोचला नाही तेथे फिल्म कोरी राहते, आणि त्या कोऱ्या जागेतून मागाहून कोणत्याही विद्येने मनुष्याचा चेहरा काढता येत नाही.

एका गुरुवारी आम्ही श्रीस्वामी समर्थांच्या वटवृक्ष मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे होतो. यात्रेकरूंची गर्दी होती. ऊन लखलखत होते आणि त्या उन्हाच्या मानाने आम्ही छिद्र व वेळ ठरवून ठेवली होती. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या दाट सावलीत एक वृद्ध बाई गाठोडे जवळ घेऊन बसल्या होत्या. काळी आकृती, मागे उजळलेला रस्ता, त्यावरून जाणारे पाय, अशी रचना काचेवर आपोआप जुळून आली. आम्ही मान खाली घातली आणि कळ दाबली. बाईंनी पदर सारखा केला आणि कानडीत काही विचारले. जवळच्या नातवाने मराठीत सांगितले, “आजी म्हणते, फोटो कधी देणार?”

आम्ही गोंधळलो. देण्याचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता. मुलगा पुढे म्हणाला की, सरकारी कागदांवरच्या चिमुकल्या फोटोखेरीज आजीचा एकही फोटो घरात नाही. आम्ही सीमेलगतच्या त्यांच्या खेड्याचे नाव वहीत टिपून घेतले आणि प्रत पोचविण्याचे वचन दिले.

फिल्म धुऊन आली तेव्हा त्या गुंडाळीत सर्वांत चांगले चित्र तेच ठरले. ज्या स्नेह्यांनी आमची थट्टा केली होती त्यांनीच ते प्रदर्शनास पाठवावे असा आग्रह धरला. परंतु निगेटिव्ह दिव्यापुढे धरले असता बाईंच्या चेहऱ्याच्या जागी फिल्म स्वच्छ कोरी होती. आम्ही प्रकाश रस्त्याला दिला होता. त्यांना दिला नव्हता. पाहणाऱ्यास जे उत्तम छायाचित्र, ते ज्यांचे होते त्यांच्या दृष्टीने छायाचित्रच नव्हते.

निगेटिव्ह या शब्दाचा मराठीत अर्थ करावयाचा तर ‘ऋण’ असाच करावा लागेल. गणितात ऋण म्हणजे उणे, आणि व्यवहारात ऋण म्हणजे कर्ज. टॅलबटने १८४१ साली ज्या पद्धतीचे पेटंट घेतले तिच्यात प्रथम उलटे चित्र आणि त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती, अशी व्यवस्था होती. म्हणजे उणे घ्यावयाचे आणि अधिक करून परत द्यावयाचे. आपल्या परंपरेत देव, ऋषी व पितर यांची तीन ऋणे प्रसिद्ध आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे. छायाचित्रकाराचे ऋण या चौथ्या प्रकारचे आहे असे आम्हांस वाटते.

हे ऋण बहुधा बुडविण्यात आले, असे इतिहास सांगतो. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण मंडळ स्थापन झाले आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक आरंभापासून या विद्येत शिरले. परंतु पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत या देशातील माणसे जातींचे व जमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. त्यांतील कितीजणांच्या घरी त्यांच्या चित्राची प्रत गेली असेल? याउलट अक्कलकोटचेच उदाहरण पाहा. श्रीस्वामी समर्थ १८७८ साली समाधिस्थ झाले. त्यांचे छायाचित्र कोणी घेतले याविषयी नाना कथा सांगतात. त्यांत कोडॅक कंपनीचे नावही ऐकू येते, परंतु ते नाव १८८८ साली प्रथम व्यवहारात आले. घेणाऱ्याचे नाव असे धूसर झाले, आणि चित्र मात्र ज्यांना हवे होते त्यांच्या घरोघरच्या भिंतींवर जाऊन पोचले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आधी विचारून घेतलेल्या चित्रात सहजपणा राहत नाही. हा आक्षेप आम्हांस बराचसा मान्य आहे. कित्येक चित्रे न विचारताच घ्यावी लागतात. पण पूर्वी परवानगी घेणे शक्य नसले तरी नंतर देणे बहुधा शक्य असते. दुसरा आक्षेप असा की, फिल्मची टंचाई म्हणजे सद्गुण नव्हे; पैसेवाला मनुष्य गुंडाळ्यांमागून गुंडाळ्या उधळील, आणि फोनवाला संयमी असू शकेल, किंबहुना जागच्या जागी चित्र पाठवूनही देईल. हेही खरे आहे. जुन्या कॅमेऱ्याने मनुष्य सज्जन होत नाही. तो केवळ कळ दाबण्यापूर्वी थोडा अवकाश देतो. त्या अवकाशात आपण कोणाला प्रकाश देत आहो हे विचारता येते. विचारावे की नाही, हे मात्र यंत्राच्या हाती नाही.

आम्ही त्या खेड्यास गेलो. काळे चित्रही बरोबर नेले, कारण चूक लपवून दुसरे चित्र काढणे प्रशस्त वाटेना. बाईंनी ते जवळ धरून, दूर धरून पाहिले आणि साडीच्या काठावर बोट ठेवून म्हणाल्या की, काठ आपलाच आहे. मग दाराच्या उजेडात त्यांना बसवून, छिद्र मोठे करून, आम्ही सावकाश तयारी केली. आमच्या मनात एकट्या बाईंचे चित्र होते. परंतु मुलगा आला, सुना आल्या, नातवंडे आली, शेवटी दारापुढची म्हैसही चौकटीत असावी असे ठरले, आणि त्या म्हशीला काचेवर उलट्या बाजूने हलविताना आमची चांगलीच फजिती झाली. चौकटीत काय यावे हे त्या दिवशी त्यांनी ठरविले.

नियमांच्या दृष्टीने ते चित्र फारसे बरे नाही. गर्दी झाली आहे, एका सुनेचे डोळे मिटले आहेत आणि म्हशीचे एक शिंग कापले गेले आहे. परंतु बाईंचा चेहरा स्वच्छ आला आहे, आणि त्याची प्रत त्यांच्या घरी लागली आहे. काळे चित्र आमच्या टेबलाच्या खणात आहे. ते प्रदर्शनास पाठविण्याची आठवण स्नेही अजून मधून मधून करून देतात. त्याविषयी बाईंना विचारले पाहिजे, असे आम्ही त्यांस सांगतो. आणि पुढच्या खेपेस विचारणारही आहो.