सत्य सांगावे, पण कोठे?

(वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18)

उपदेशकाच्या बोलण्यात काही उणे आढळले तर ऐकणाऱ्याने काय करावे? प्रीतीखातर गप्प बसावे, की सत्याखातर सर्वांदेखत बोलावे? हा प्रश्न प्रत्येक मंडळीत केव्हा ना केव्हा उभा राहतोच. नव्या करारातील एका तंबू करणाऱ्या दांपत्याने त्याचे उत्तर आपल्या वागणुकीने दिले आहे.

अक्विला हा पंत प्रांतातला यहूदी. प्रिस्किल्ला त्याची पत्नी. क्लौद्य कैसराने यहूद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम केला, तेव्हा ही दोघे करिंथास आली. हा हुकूम बहुधा इ. स. 49 चा. तेथे पौल त्यांच्या घरी राहिला, व धंदा एकच असल्यामुळे तिघे मिळून काम करू लागली. पुढे ती पौलाबरोबर इफिसास गेली. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा ठिकाणी आहे, आणि एकाचे नाव दुसऱ्यावाचून एकदाही येत नाही.

इफिसात अपुल्लोस आला. तो आलेक्सांद्रियाचा, मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण. येशूविषयी तो शिकवी ते बरोबरच होते, पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. सभास्थानात त्याचे भाषण ह्या दोघांनी ऐकले. तेथेच उठून त्यांना त्याची उणीव दाखविता आली असती. किंवा, हा एवढा विद्वान, आपण तंबू करणारी माणसे, असे म्हणून निमूटपणे घरी जाता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले व देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. येथे लूक प्रिस्किल्लेचे नाव आधी लिहितो, हे आपल्या भगिनींनी, आणि बंधूंनीही, ध्यानात ठेवावे.

चारचौघांत दाखविलेली चूक माणूस क्वचितच कबूल करतो. तो आपली अब्रू सावरू लागतो आणि सत्य बाजूलाच राहते. घरात त्याला मोकळेपणाने प्रश्न विचारता येतात. मात्र घरी बोलावणाऱ्याला वेळ, भाकरी आणि धीर खर्च करावा लागतो. सर्वांदेखत टीका करण्यास ह्यांतले काहीच लागत नाही.

मग प्रत्येक चूक घरातच मिटवावी काय? नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीतून वेगळा झाला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला (गलती. 2). अपुल्लोसाला माहीत नव्हते; पेत्राला माहीत होते. अपुल्लोसाच्या उणिवेने कोणाचा अपमान झाला नव्हता. पेत्राच्या पंक्तिभेदाने बंधूंचा मान गेला, आणि बर्णबासारखा माणूसही त्याच्या मागे गेला. म्हणून जेथे अज्ञान आहे तेथे घराचे दार उघडावे. जेथे अन्याय झाला आहे तेथे मंडळीपुढे बोलावे. अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी प्रिस्किल्ला व अक्विला ह्यांचे नाव घेऊ नये. तसेच आपल्या रागाला पौलाचे नाव देऊ नये.

अपुल्लोसही धन्य, की तो कारागिरांपाशी शिकला. पुढे अखयात त्याने विश्वासणाऱ्यांना फार साहाय्य केले. करिंथात “मी अपुल्लोसाचा” म्हणणारे निघाले. “मी प्रिस्किल्लेचा” असे कोणी म्हटल्याचे पौल लिहीत नाही. शिकवणाऱ्यांची नावे मागे राहिली, शिकवण मात्र पुढे गेली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, बंधुभगिनींनो, येत्या रविवारी कोणाच्या बोलण्यात काही उणे वाटले, तर प्रथम आपणच शास्त्र उघडून खात्री करून घ्या. मग वाटेत चर्चा न करता त्या भावाला किंवा बहिणीला घरी चहाला बोलवा. प्रभू आपल्या घरांना असे उपयोगी करो.